मारीबाईची आंघोळ

परवा सकाळी दार उघडलं आणि बघते तर वारा फिरलेला. आमच्या धाकट्या डहाणूत हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही, नाकालाच कळतं. आदल्या दिवसापर्यंत खाडीच्या चिखलाचा ओला वास येत होता तो गेला, त्याच्या जागी वाळत्या बोंबलांचा कोरडा वास आला, आणि पायाखालची वाळू एकदम गार. बाया म्हणाल्या, चला, उत्तरेचा सुटला, आता बोंबील कडकडीत वाळतील. सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला, नाही असं नाही, पण मी आधी धावत आत गेले आणि बाळाचे पाय चाचपले. गरम होते. मग बाहेर आले, आणि परत आत जाऊन चाचपले.

मी अशीच आहे, भित्री. आमचे हे म्हणतात, हिला घाबरायला कारण लागत नाही, कारण मागून चालत येतं. होडी यायला उशीर झाला की मी घाबरते, आणि वेळेच्या आधी आली तरी घाबरते, की हे लवकर का आले. लिहायला बसले तरी धाप लागल्यासारखं होतं, म्हणजे एक गोष्ट सांगायला लागले की दुसरी मागून ढकलते. शाळा चौथीपर्यंत झाली, झाईला, माझ्या माहेरी. पुढची शाळा बोर्डीला होती आणि तेवढ्यात घरात आईला मदत लागली, मग राहिलं ते राहिलंच. तरी अक्षर बरं आहे म्हणतात.

तर वारा फिरला आणि मी चुलीवर टोपात पाणी ठेवलं, तळाला फडक्याची घडी घातली, आणि त्या पाण्यात दुधाचं भांडं ठेवलं. मोठी लेक आता शाळेत जाते, ती दप्तर घेऊन उभी होती. म्हणाली, आई, दूध सरळ आगीवर का नाही ठेवत, सगळ्यांकडे तर ठेवतात. मी म्हटलं, ही मारीबाईची आंघोळ आहे. ती हसली. तिला वाटलं मी काहीतरी गंमत करते. एवढ्यात मैत्रिणींनी हाक मारली आणि ती पळाली, पायात चप्पल नाही, थंडीचं तिला काही नाही. आणि मी तिथेच चुलीपाशी बसून राहिले, कारण तो शब्द तोंडातून गेला की माझी ती पहिली थंडी सगळीच्या सगळी परत येते.

तेव्हा मुंबई राज्य एकच होतं. उंबरगाव तिकडे गुजरातेत आणि झाई इकडे महाराष्ट्रात असं काही झालेलं नव्हतं, बाजाराला आम्ही चालत तिकडे जायचो, मासे मराठीत विकायचे आणि भाजी गुजरातीत घ्यायची. त्यामुळे मला गुजराती कळायचं. लग्न होऊन खाडीकाठी आले तेव्हा त्याचा उपयोग झाला तो शिरीनबाईंकडे. शिरीनबाई म्हणजे डहाणू रोडच्या पुढे चिकूची वाडी होती त्या पारशीणबाई. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, आम्ही सासूला आत्याच म्हणतो, त्या डोक्यावर पाटी घेऊन त्यांच्याकडे पापलेट पोचवायला जायच्या. त्या वर्षी मला दिवस गेलेले होते आणि आत्या म्हणायच्या चालत राहा, चाललेली बाई सुटते लवकर. म्हणून मी त्यांच्या मागून जायची.

वाडीतली ती सकाळ मला आठवते ती वासासकट. चिकूचा चीक, झाडाखाली सडलेली फळं, आणि मागच्या पडवीतून येणारा साखर जळल्याचा वास. मला वाटलं बाईंचं काहीतरी करपलं, मी घाबरून आत्याला म्हटलं, आत्या, आग लागली वाटतं. आत्या म्हणाल्या, तुझ्या डोक्याला लागली. बाईंच्या भाचीचं लग्न होतं आणि त्या कस्टर करत होत्या. पारशांच्या लग्नात ते लागतंच, दूध, अंडी, साखर, वर जायफळ. डब्याच्या तळाला साखर मुद्दाम जाळतात, तो वास तिचा.

बाई उंच, हाडकुळ्या, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला मधे श्वास घ्यायची चोरी. त्यांनी माझं पोट बघितलं, मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या बघ, शीख. एका मोठ्या पातेल्यात पाणी, पाण्यात तळाला फडकं, त्यावर कस्टरचा डबा. पाणी डब्याच्या निम्म्यावर. खाली आग मंद. आणि पाण्याकडे त्या अशा बघत बसल्या होत्या जसं आमच्याकडे कुणी भरतीकडे बघत बसावं. जरा मोठा बुडबुडा आला की एक निखारा ओढून काढायच्या.

मी विचारलं, बाई, सरळ आगीवर ठेवलं तर लवकर नाही का होणार? माझा आवाज एवढा लहान निघाला की त्यांनी परत विचारायला लावलं. मग म्हणाल्या, "डीकरी, आग शूं करते? हुकूम करते. पाणी समजावते. दूध-अंड्याला हुकूम चालत नाय, फाटून जाते."

आणि मग त्यांनी तो शब्द सांगितला. बँ मारी. बँ हा नाकातून म्हणायचा. फ्रान्स देशातल्या आचाऱ्यांचा शब्द. बाईंचे पप्पा म्हणे तरुणपणी फ्रान्सच्या बोटीवर भटारखान्यात होते, तिथून हा शब्द त्यांनी घरी आणला. बँ म्हणजे आंघोळ आणि मारी म्हणजे मारी नावाची बाई. मारीची आंघोळ. भांड्यात भांडं ठेवून पाण्याच्या ऊबेने शिजवायचं त्याला ते लोक असं म्हणतात.

मी म्हटलं ही मारी म्हणजे चर्चमधली, येशूची आई का? बाई म्हणाल्या, काही लोक तसंच सांगतात, की तिचा स्वभाव मऊ होता, म्हणून मऊ आचेला तिचं नाव. पण पप्पा सांगायचे ती मारी निराळी. फार फार जुनी. मिसर देशात राहणारी, यहुदी बाई. स्वयंपाकाशी तिचा काही संबंध नव्हता. ती धातू वितळवायची, अर्क काढायची, हलक्या धातूचं सोनं कसं होईल त्याच्या मागे लागलेली. त्या काळी अशी माणसं होती, आणि त्यांच्यात ही एक बाई. तिला दिसलं की काही वस्तू आगीवर धरल्या की संपल्याच, जळून जातात. पण मधे पाणी ठेवलं तर ऊब जाते आणि जाळ जात नाही. पाणी कितीही तापलं तरी एका मर्यादेच्या पुढे तापत नाही ना. सोनं काही झालं नाही, कुणाचंच होत नाही, पण तिची ती युक्ती राहिली, आणि फिरत फिरत आचाऱ्यांच्या हाती आली. "ने पारसण ना घरमां," बाई स्वतःच हसल्या, "कस्टर झाली."

परत येताना आत्या खाडी ओलांडायच्या तरीत बसल्या, रिकामी पाटी मांडीवर, आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, आपल्या घरात कालवण करायला अजून तरी कुणा मारीची आंघोळ लागली नाही गो. बाया हसल्या. तरवालाही हसला. मी पण हसले, मला आत्यांच्या विनोदांना हसायची सवय लावून घ्यावी लागली होती. पण मनात मी त्या बाईलाच बघत होते. मिसर देश कुठे ते मला माहीत नाही, पण चूल पेटली की पुढ्यात बसलेल्या बाईचं तोंड कसं तांबूस दिसतं ते मला माहीत आहे, आणि तिचंही तसंच दिसत असणार.

मला सातवा सरला. माहेरी न्यायला आई येणार होती. आईची तयारी झालेली, तिने विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला बोलूनही ठेवलं होतं की पोरगी सुखरूप सुटली की चैत्रात ओटी घेऊन येते. पण वारा फिरला, अगदी परवासारखाच, आणि मी बोंबील टाकायला उभी होते, बांबूवर हात वर करून, तशीच खाली बसले. संध्याकाळच्या आत लेक झाली. आठव्यातली.

आमच्याकडे म्हणतात सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. कुणी मुद्दाम म्हणत नाही, बाया येतात, तोंडाला पदर लावतात, आणि भिंतीला सांगितल्यासारखं सांगतात. सुईणीने तिला पुसली, तळहातावर मावेल असं वाटत होतं, कातडी पापडासारखी, नखं कुठे आहेत ते शोधावं लागे. ती रडली म्हणजे मांजराचं पिल्लू दाराबाहेर असावं तसा आवाज. आणि पाय, पाय असे गार, की मी हात लावला आणि हात काढून घेतला.

आता आमची पद्धत अशी की बाळंतिणीला आणि बाळाला शेक. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा टाकायचा, धूर वर येतो, हाडं भरून येतात, बाळाचा वारा जातो. माझी आई अशीच शेकलेली, आत्या अशाच शेकलेल्या. आत्यांनी शेगडी आणली ती स्वतः आणली, कुणाला हात लावू दिला नाही. निखारे फुलवले, ओवा टाकला. धूर वर आला आणि माझ्या लेकीने श्वास धरला. धरलाच. ओठ निळे. मी तिला घेऊन धडपडत दारात गेले, वाऱ्यावर, तेव्हा तिने श्वास सोडला. पण दारात थंडी. पाय परत गार. आत आणली की धूर, बाहेर नेली की वारा. मी आत-बाहेर, आत-बाहेर करत राहिले, अंगात बळ नाही, आणि आत्या बाजेपाशी बसून म्हणतायत, आण तिला इकडे, शेक लागल्याशिवाय पोर राहायची नाही.

मी कधी आत्यांना उलट बोलले नव्हते. तेव्हाही बोलले असं नाही, माझ्या तोंडातून आलं ते असं आलं की, आत्या, हिला हुकूम चालत नाही. त्यांना काही कळलं नाही. मलाही नीट कळलं नव्हतं. पण दिसत मात्र होतं, ते पातेलं, ते फडकं, ते निम्म्यावरचं पाणी.

आमच्या मागच्या दारी जाळी रंगवायचा मोठा तांब्याचा टोप होता. झाडाची साल उकळून त्यात जाळी बुडवतात, म्हणजे खाऱ्या पाण्यात सूत कुजत नाही. आत बसून माणूस न्हाईल एवढा. मी ह्यांना म्हटलं तो आत आणा. हे तेव्हा नवखे बाप, गोंधळलेले, आईकडे बघायचे की बायकोकडे ते कळेना, पण टोप आणला. त्यात कोमट पाणी. पाण्यात तळाला पोत्याची घडी, त्यावर घरातलं लहान पितळी घंगाळ, घंगाळात गोधडी, गोधडीत कापूस, आणि कापसात माझी लेक. वर पातळ फडकं, तोंड उघडं. मी कोपर पाण्यात घालून बघायची, कोपराला बरं वाटलं पाहिजे, तेवढंच. कमी झालं की तांब्याभर कढत पाणी ओतायचं, एका बाजूने, हळू. माझं दूध काढून वाटीत घ्यायचं, ती वाटीही त्याच पाण्यात धरायची, आणि चोचीच्या बोंडल्याने तिच्या ओठांना थेंब लावायचा.

थोड्या वेळाने मी तिचे पाय चाचपले. गार नव्हते. गरम म्हणता येणार नाही, पण गार नव्हते. आणि श्वास चालू होता, बारीक, पण धूर नाही त्यामुळे न अडखळता.

शेजारच्या बाया आल्या, दारातच थांबल्या. एकीने विचारलं, काय गो, पोरीला उकडत घातलीस काय? दुसरी म्हणाली मीठ टाक जरा. मला वाईट नाही वाटलं, खरंच नाही, आमच्याकडे भीती वाटली की बाया असंच बोलतात. मला वाईट वाटलं ते आत्यांचं. त्यांनी शेगडी उचलली, बाहेर नेऊन वाळूत पालथी केली, आणि आत येऊन माझ्याकडे पाठ करून बसल्या. लेकीला त्यांनी तोवर हातात घेतलं नव्हतं. शेगडी आणली, ओवा आणला, पण तिला घेतलं नाही. मला वाटलं मुलगी झाली म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्या पाटी घेऊन गेल्या आणि दुपारी परत आल्या त्या शिरीनबाईंना घेऊन. बाई तरीतून उतरल्या, चिखलात बूट रुतवत, एका हातात छत्री, वर आभाळ निळं. आत्यांनी वाडीवर जाऊन भांडण केलं होतं, हे मला मागून कळलं. तुमच्या त्या मारीने माझ्या घरात आग लावली, असं म्हणाल्या होत्या म्हणे. तर बाई आल्या, टोपाकडे बघितलं, आत वाकून बघितलं, आणि पाण्यात कोपर घातलं. शिरीनबाई न बोलता उभ्या आहेत हे बघून मला जास्तच भीती वाटली.

मग आत्याच बोलल्या. माझ्याशी नाही, बाईंशीही नाही, चुलीकडे तोंड करून.

"हिच्या नवऱ्याच्या आधी मला एक होती. आठव्यातलीच. मी तिला ह्या हातांनी शेकली, रात्रंदिवस, शेगडी विझू दिली नाही. गेली. आता ही म्हणते शेक नको. मग मी काय केलं, ते सांगा मला."

हे दारात उभे होते, त्यांनाही ठाऊक नव्हतं की त्यांना एक बहीण होती. मी बाजेवर बसलेली, मला वाटलं मी टोपातून लेकीला काढावी आणि आत्यांच्या शेगडीवर धरावी, म्हणजे त्या म्हणतात ते खरं होईल. खरंच वाटलं. भित्र्या माणसाला कुणाचं दुःख बघवत नाही, त्यापेक्षा ते काहीही करायला तयार होतं.

शिरीनबाई खाली बसल्या. त्यांच्या गुडघ्यांचा आवाज झाला. जमिनीवर बसायची त्यांना सवय नव्हती. आत्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बेन," त्या म्हणाल्या, "तू तिला ऊब दिली. दुसरं काय देणार होती तू? थंडीने गेली, की धुराने गेली, की तिला जायचंच होतं, ते खोदायजी जाणे. मारीने काय आग विझवली? आग तर पाहिजेच ने. मधे पाणी ठेवलं, बस. ह्या टोपाच्या पाण्याला आग तुझीच लागेल. ही डीकरी एकली किती दिवस जागेल?"

आत्या उठल्या. चुलीतलं लाकूड पुढे सारलं, पाण्याचा हंडा चढवला, आणि मला म्हणाल्या, पड तू. बघते मी.

तेव्हापासून त्या टोपाच्या पाण्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पाणी तापवायच्या त्या, ओतायच्या त्या, माझ्यापेक्षा त्यांचं कोपर चांगलं, मला कोमट वाटायचं ते त्यांना अजून गार वाटायचं, आणि त्याच बरोबर असायच्या. बाहेर उत्तरेचा वारा, बांबूंवर बोंबील खडखड वाजतायत, आणि आत टोपाच्या कडेला आम्ही दोघी, एक एका बाजूला, दुसरी दुसऱ्या. सालीचा रंग टोपाला मुरलेला होता तो कोमट पाण्यात सुटायचा, त्यामुळे लेकीच्या फडक्यांना सगळीकडे तांबडे डाग. ते डाग कधी गेले नाहीत. धाकट्याला मी तीच फडकी वापरते.

आणि एक गंमत. मी आत्यांना शब्दाचा अर्थ सांगितला होता, बाईंनी सांगितलेली सगळी गोष्ट सांगितली होती, मिसर देश, धातू, सोनं, सगळं. त्यांनी ऐकलं आणि त्यांचं त्यांनी ठरवलं. त्या म्हणाल्या, एवढ्या जुन्या काळची बाई, तिच्या नावाची आंघोळ अजून घरोघर चालते, म्हणजे ती कुणी साधी बाई नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर टोपाच्या काठाला हळदकुंकू. आणि निवलेलं पाणी मागच्या मोरीत ओतायचं बंद. देवीच्या आंघोळीचं पाणी पायाखाली येता कामा नये, म्हणून त्या ते हंड्याने उचलून माडाच्या मुळाशी नेऊन ओतायच्या. शेजारच्या बाया, त्याच उकडत घातलीस काय म्हणणाऱ्या, त्याही मग येताना कुंकवाची चिमूट घेऊन यायला लागल्या. शिरीनबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या एवढ्या हसल्या की रुमाल सुटला. म्हणाल्या, पप्पा असते तर खूश झाले असते, बोटीवर कुणी मारीला कुंकू लावलं नव्हतं.

मी हसले नाही. मला वाटायचं, आत्यांचं बरोबर असेल. नाही म्हणजे ती देवी नव्हती, ते कळतं मला. पण तिला काय मिळालं? सोनं तर नाही मिळालं. तिचं घर कुठे होतं, नवरा होता का, मूल होतं का, बाईंच्या पप्पांनाही ठाऊक नव्हतं. फक्त एवढं की ती आगीसमोर बसली होती आणि काहीतरी जळू नये म्हणून तिने विचार केला. मला पुस्तकातलं फार कळत नाही, पण एवढं कळतं की आगीसमोर बसून असा विचार ज्याला सुचतो त्याच्या हातात तेव्हा काहीतरी नाजूक असणार. सोनं नाजूक नसतं. मग काय होतं तिच्या हातात? हे मी आजही दूध तापवताना विचारते, आणि बरं वाटतं विचारायला, जसं दूर गावी दिलेल्या बहिणीची आठवण काढायला बरं वाटतं.

बारसं झालं नव्हतं. आठव्यातल्या पोराला आमच्या घरात लगेच नाव ठेवत नाहीत, नाव ठेवलं की ते आपलं झालं, आणि आपलं झालं की गेल्यावर जास्त लागतं. म्हणून तिला सगळे नुसतं ती म्हणायचे. ती प्याली का, ती झोपली का. माझी आई झाईहून आली, तिनेही नाव काढलं नाही. मी मनात नावं जुळवायची आणि घाबरून सोडून द्यायची. आत्या टोपाशी सबंध दिवस बसायच्या पण तिला घेत नव्हत्या. पाणी बघायच्या, तिच्याकडे बघायच्या नाहीत. मी दूध पाजायला तिला काढली की उठून चुलीकडे जायच्या. आता मला कारण माहीत होतं, त्यामुळे मी कधी घ्या म्हटलं नाही.

ती वाढत होती. कसं ते सांगता येत नाही, भरतीचं पाणी कधी वर आलं ते जसं कळत नाही तसं. बोंडलं सुटलं, अंगावर प्यायला लागली. रडली तर पलीकडच्या घरात ऐकू जायला लागलं. घंगाळाच्या काठाला तिचे पाय पोचले आणि ती पितळेला लाथा मारायची, टण टण, आणि आत्या चुलीकडे तोंड करून म्हणायच्या, बघा, घंटा वाजवते.

मग एके दिवशी सकाळी वारा पडला. दुपारी पश्चिमेकडून आला, जरा दमट, जरा गरम. बाया बांबूवरून शेवटचे बोंबील उतरवायला लागल्या. ह्यांनी बाहेरून विचारलं की जाळी रंगवायची आहेत, टोप मिळेल का. मी आत्यांकडे बघितलं. आत्यांनी पाण्यात कोपर घातलं, तसंच ठेवलं थोडा वेळ, मग बाहेर काढून पदराला पुसलं. आणि वाकून त्यांनी लेकीला घंगाळातून उचललं. पहिल्यांदा. गोधडीसकट नाही, नुसतीच, उघडी, आणि छातीशी धरली. लेकीने त्यांच्या मण्यांची माळ पकडली.

आत्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"मंजुळा," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, कुणाचं नाव हे, आत्या?

"माझ्या तिचंच होतं. तेव्हा ठेवायला मिळालं नाही. इतकी वर्षं माझ्यापाशीच राहिलं."

आणि मला आवडलं का ते न विचारता, तिला तशीच छातीशी धरून, त्या बाहेर उन्हात गेल्या.